दोनदा उजाडलेला बुधवार, न उगवलेला सोमवार

मंगळवार, निघायच्या आदल्या दिवशी

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. सरळ म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून नव्हे, पृथ्वीगोलावर दोरा ताणून. शेजारच्या मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला पृथ्वीगोल मी मागून आणला आणि आईसमोर जेवणाच्या टेबलावर दोरा लावून दाखवला. तिची पक्की समजूत अशी की अमेरिका पश्चिमेला, तेव्हा विमान अरबी समुद्रावरून निघून आफ्रिका ओलांडून अटलांटिकवरून जाणार. दोरा ताणला तर तो मुंबईहून जवळजवळ उत्तरेलाच निघाला. लडाख, शिनजियांग, सैबेरिया, मग थेट आर्क्टिक महासागर, आणि अलास्काच्या डोक्यावरून खाली उतरत कॅलिफोर्निया. सगळ्यात वर तो ७६-७७ अक्षांशांपर्यंत गेला.

"म्हणजे आपण बर्फावरून जाणार?" आईने विचारलं.

तसंही नाही. आम्ही ज्याच्याकडे निघालो होतो त्या कॅलिफोर्नियातल्या दादाने आधीच सांगून ठेवलं होतं की थंडीत विमानं इकडून तिकडे जाताना बहुतेक या रस्त्याने जात नाहीत. ती पूर्वेला जातात. कोलकाता, म्यानमार, चीन, जपान, मग अख्खा पॅसिफिक. हा रस्ता दोऱ्यापेक्षा दीड हजार किलोमीटरने तरी लांब. पण वेळ कमी लागतो.

लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो, हे आईला काही केल्या पटेना. मलाही आधी पटलं नव्हतं, म्हणून मी थोडं वाचून ठेवलं होतं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान सुरुवातीला अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेऊन पाहिलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा कमी. आज जगातली सगळ्यात लांब पल्ल्याची नियमित विमानसेवा म्हणजे सिंगापूर–न्यूयॉर्क, तिचं सरळ अंतर १५,३०० च्याच घरात. पण तिथे वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या वर वेळ लावलेला असतो.  वारा पाठीवर आहे की तोंडावर, यावर बरंच ठरतं.

आईला यापेक्षा गोळ्यांची चिंता होती. रक्तदाबाची गोळी सकाळी एक, साखरेची जेवणाआधी. आता बुधवारी दुपारी निघून बुधवारीच संध्याकाळी पोहोचायचं, मधे पंधरा-सोळा तास हवेत. पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्यात हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक. म्हणजे आमचा बुधवार साडेसदतीस तासांचा होणार होता. मग 'रोज एक गोळी' यातला रोज कुठला? आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं: रक्तदाबाची गोळी भारतातल्या घड्याळाप्रमाणे चोवीस तासांनी, तिकडे गेल्यावर वेळ हळूहळू सरकवायची, साखरेची गोळी पोटात अन्न जाईल तेव्हाच. मी डब्यावर वारांऐवजी तास लिहिले. आईने जुनं मनगटी घड्याळ काढलं, किल्ली दिली आणि म्हणाली, "याला मी हात लावणार नाही. तुम्ही काय घालायचा तो घोळ तुमच्या मोबाइलवर घाला."

बॅगांचं वजन रात्री अकरापर्यंत चाललं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दोन किलो गूळ. गूळ तिकडे मिळतो म्हटलं तर "तो काय गूळ असतो का" हे ठरलेलं उत्तर.

बुधवार

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनमध्ये आईसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. ज्याच्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे आणि मूल अमेरिकेत आहे, त्याला या खुर्चीबद्दल सांगायला नको. अमेरिकेच्या विमानाच्या दारापाशी खुर्च्यांची एक रांगच असते. नऊवारी, पाचवारी, पंजाबी ड्रेस, पायात नवेकोरे पांढरे स्पोर्ट शूज. आईच्या शेजारच्या खुर्चीत साताऱ्याकडचे एक आजोबा होते. पाच मिनिटांत दोघांची नातवंडं, गुडघे आणि ऊसदर बोलून झाले. ते लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बायकोच्या सोबतीला होते. "मला तिथं काय काम न्हाई," म्हणाले, "पण हिला एकटीला एवढं सोळा तास कसं सोडायचं?"

विमान बोईंग ७७७-२०० एलआर. यातली शेवटची दोन अक्षरं लांब पल्ल्याची. नोव्हेंबर २००५ मध्ये याच जातीच्या एका विमानाने हाँगकाँगहून निघून पूर्वेकडून, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून लंडन गाठलं होतं: २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं, मधे कुठेही न टेकता. टाक्यांमध्ये सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. उड्डाणाच्या वेळी विमानाचं वजन जास्तीत जास्त ३४७ टन असू शकतं, त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा इंधनाचाच. म्हणजे आपण, आपला गूळ, जेवणाच्या गाड्या, खुर्च्या, सगळं मिळून उरलेल्यात. धावपट्टीवर ते किती वेळ धावलं! मला वाटलं जुहूच्या समुद्रापर्यंत रस्त्यानेच नेतात की काय.

मुंबईहून विमानं बहुतेक वेळा पश्चिमेला तोंड करून उडतात, समुद्रावर जातात आणि मग वळतात. आई खिडकीशी होती. खाली पाणी दिसताच माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. मी म्हटलं नव्हतं, अरबी समुद्रावरून?" दहा मिनिटांत विमान वळलं, समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान नाशिककडे तोंड करून पूर्वेला निघालं, आणि तास-दीड तासाने नागपूरचं नाव आलं. पुण्याहून मुंबईला यायचं आणि तिथून विदर्भावरून अमेरिकेला जायचं. आई यावर काही बोलली नाही, फक्त दशम्यांचा डबा उघडला.

बंगालच्या पुढे, म्यानमारच्या डोंगरांवर सूर्य मावळला. माझ्या घड्याळात पाचही वाजले नव्हते. पूर्वेला जाणाऱ्याला संध्याकाळ समोरून गाठते, त्यामुळे ती झटपट आटोपते. विमान सूर्याकडे पाठ करून पळतंय आणि पृथ्वीही त्याच दिशेला फिरतेय. थंडीतली तेरा-चौदा तासांची रात्र अशा वेळी आठेक तासांत संपते.

जेवण झालं, दिवे मंद झाले. चीनचा पूर्व किनारा सोडला आणि जपानच्या जवळ जाता जाता पडद्यावरचा वेग वाढायला लागला. हे विमान स्थिर हवेत ताशी साधारण नऊशे किलोमीटर जातं. पडद्यावर आधी ९६० आलं, मग १,०२०, मग १,०९०. मी झोप सोडून तेच बघत बसले. एकदा ११६४ हा आकडा दिसला. उंची ३७ हजार फूट, बाहेर उणे ५६ अंश. विमानाच्या इंजिनांनी काही जास्त जोर लावला नव्हता. ज्या हवेत ते उडत होतं ती हवाच ताशी अडीचशे किलोमीटरने अमेरिकेकडे निघाली होती.

या वाऱ्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर, नऊ-दहा किलोमीटरच्या वर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि हिवाळ्यात जपानवर जितका जोरात असतो तितका जगात फार थोड्या ठिकाणी. तो मोजला एका जपानी माणसाने. वासाबुरो ओइशी टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेत होते. १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडून, दुर्बिणीने त्यांचा माग काढून उंचावरच्या वाऱ्याचा वेग नोंदवला. आपलं काम सगळ्या जगाने वाचावं म्हणून १९२६ चा अहवाल त्यांनी एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी बनवलेल्या भाषेत छापला, आणि तो जगात जवळजवळ कुणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर बॉम्ब टाकायला उंचावरून आलेल्या अमेरिकन वैमानिकांना हा वारा अंगावर घेऊनच कळला. जपान्यांनी मात्र त्याचा उपयोग करून १९४४-४५ च्या हिवाळ्यात कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून सोडले, नऊ हजारांच्या वर. ते काही दिवसांत पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत पोहोचायचे. बहुतेक जंगलात पडले. ओरेगॉनमध्ये मे १९४५ मध्ये एकाने सहा जणांचा जीव घेतला. त्याच वाऱ्यात बसून मी सफरचंदाचा रस पीत होते.

या वाऱ्याच्या काठावर हवा नीट बसत नाही. तासभर विमान हलत राहिलं, पट्टे बांधायची सूचना झाली. आई जागी झाली, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, "रस्ता खराब आहे वाटतं." मग पुन्हा झोपली.

मी नकाशावर उतरायच्या जागा शोधत होते. जपान सोडल्यावर मोठा असा विमानतळ नाही. दोन इंजिनांच्या विमानाला नियम असा की एक बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात पोहोचता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात हवा. त्यामुळे उत्तर पॅसिफिकवर वैमानिकांच्या यादीत अलास्कातलं कोल्ड बे किंवा मिडवे बेटासारखी नावं असतात, जिथे एरवी पक्षीच जास्त. जून २०११ मध्ये एका जंबो विमानाच्या काचेला तडा गेला तेव्हा ते साडेतीनशेहून जास्त प्रवाशांसह मिडवेवर उतरलं होतं. हे मी आईला सांगितलं नाही.

तोच बुधवार, पुन्हा

खिडकीचं झाकण वर केलं तर पूर्वेला तांबूस रेघ होती. मनगटावरच्या घड्याळात रात्रीचा पाऊण वाजलेला, पुण्यात गुरुवार लागून पाऊण तास झाला होता. इथे खाली मात्र समुद्रावर सकाळचे सात. पडद्यावर १८० रेखांशाची उभी रेघ आली, जिथे तारीख बदलते ती तारीखरेषा, आणि चिमुकलं विमान ती ओलांडून गेलं. विमानात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, घोषणा झाली नाही. पण गुरुवारची म्हणून जी सकाळ उजाडत होती ती बुधवारची झाली.

मॅगेलनच्या मोहिमेतले वाचलेले लोक १५२२ मध्ये परतताना केप व्हर्द बेटांवर थांबले. रोजनिशीप्रमाणे त्यांचा बुधवार होता आणि बेटावरचे लोक गुरुवार सांगत होते. त्यांच्यातला पिगाफेत्ता रोज न चुकता नोंद करणारा, त्याचा आपल्या वहीवर पूर्ण भरवसा. चूक कुठेच नव्हती. पश्चिमेकडे जात पृथ्वीला पूर्ण फेरी मारताना त्यांचा एक दिवस गळाला होता. आम्ही उलट्या बाजूने चाललो होतो, म्हणून आम्हाला एक सकाळ वर मिळाली.

आईला उठवून सांगितलं, "आई, आता परत बुधवार सकाळ आहे."

तिने खिडकीतून सूर्य पाहिला. हात जोडले. मग शांतपणे म्हणाली, "दोनदा सूर्य उगवला की दोन वार झाले. आज गुरुवार. दत्ताचा वार आहे." आणि पर्समधून छोटी पोथी काढली. आपल्याकडे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात, पंचांगही तेच सांगतं. तिच्या बाजूने ती बरोबरच होती. तारीखरेषा माणसांनी सोयीसाठी आखली, आणि तीसुद्धा सरळ नाही, बेटं चुकवत वाकडी जाते.

नंतरचे पाच-सहा तास मात्र नुसते सरकले. पाय सुजू नयेत म्हणून घट्ट मोजे घातले होते तरी दर दोन तासांनी आईला उठवून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालवून आणायचं. तिथे साताऱ्याचे आजोबा उभे. ते प्रत्येक वेळी विचारायचे, "आलं का?" आणि हवाई सुंदरी प्रत्येक वेळी न कंटाळता उरलेले तास सांगायची.

सॅन फ्रान्सिस्कोला विमान खाडीवरून उतरतं. खाली पाणी, आणखी खाली पाणी, चाकं पाण्याला लागणार असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी धावपट्टी येते. पडद्यावर एकूण अंतर पंधरा हजारांच्या आसपास, हवेतला वेळ पंधरा तासांहून थोडा जास्त. बाहेर संध्याकाळचं ऊन. बुधवारच. इमिग्रेशनच्या रांगेत तास गेला. दारू, मांस, फळं काही आहे का विचारल्यावर आईने गुळाची ढेप बॅगेतून काढून त्या अधिकाऱ्यापुढे धरली. त्याने वास घेतला, हसला, जाऊ दिलं.

गुरुवार

सनीव्हेलला दादाचं घर विमानतळापासून चाळीसेक किलोमीटर. रात्री नऊलाच झोपलो आणि दोन वाजता दोघींचे डोळे टक्क उघडे. शरीराला वाटत होतं दुपारचे साडेतीन. नव्या वेळेशी शरीर जुळायला साधारण तासाला एक दिवस लागतो म्हणतात. साडेतेरा तासांचा फरक म्हणजे जवळजवळ रात्रीचा दिवसच.

आईने यातूनही मार्ग काढला. पुण्यात सगळे जागे असतात म्हणून ती रात्री दोन वाजता व्हॉट्सअपवर गप्पा मारत बसायची. वाड्यातल्या मैत्रिणी, मामी, आमची कामवाली मावशी, दूधवाला. दादा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, आमच्या भिंती लाकडाच्या आहेत गं." मग तिने स्वयंपाकघरात जाऊन पहाटे तीनला भाजणी चाळायला घेतली.

पुढचे आठवडे

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांचे आईवडील तिकडे जे करतात तेच आम्ही केलं. गोल्डन गेट पाहिला, १९३७ चा, धुक्यात अर्धाच दिसला. भारतीय किराणा दुकानात आईने कोथिंबिरीच्या जुडीची किंमत रुपयांत काढली आणि दादाला ओरडा बसला. भाच्याच्या शाळेत जाऊन आली. बे एरियात मराठी मंडळी इतकी की एका रविवारी हळदीकुंकवाला साठ-सत्तर बायका होत्या आणि त्यातल्या निम्म्या पुण्याच्याच. त्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन व्हायचं होतं, सगळ्या त्याच तयारीत. एक दिवस हाफ मून बेच्या किनाऱ्यावर नेलं. आई बराच वेळ पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "पलीकडे जपान ना?" दादा चकित. मी नाही.

आईचा सोमवारचा उपवास मात्र कॅलिफोर्नियात एकदाही चुकला नाही. लग्नापासूनचा आहे. दिवसभर फळं-दूध, संध्याकाळी शंकराला दिवा आणि मग जेवण. तिने आल्या आल्या दादाला एवढंच विचारलं होतं, "इथला सोमवार धरायचा की तिथला?" दादाने जिथे राहतो तिथला म्हणून सांगितलं, आणि ते तिला पटलं होतं. महाशिवरात्र ८ मार्चला होती. त्याच्या आत घरी जायचंच ही तिची अट, म्हणून परतीचं तिकीट आधीच्या रविवारचं.

रविवार, परतीचा

विमान रात्री नऊचं. सूर्य साडेसहाच्या आत मावळला होता. तिकिटावर पोहोचण्याची वेळ मंगळवार पहाटे पावणेचार. दादा म्हणाला, "जाताना सतरा तास धरा."

येताना पंधरा, जाताना सतरा. परतताना त्याच वाऱ्याच्या तोंडावर जाण्यात अर्थ नसतो, म्हणून विमान त्याला चुकवत उत्तरेला सटकतं. आणि गंमत अशी की या वेळी ते बऱ्याच अंशी आमच्या दोऱ्याच्याच रस्त्याने निघालं: कॅनडाचा किनारा, अलास्का, मग रशियाचं टोक. हा उत्तरेकडचा रस्ता आपल्या वैमानिकांना नवा नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरू गाठलं होतं. त्या चमूत आकांक्षा सोनावरे होत्या. २०१७ मध्ये एअर इंडियाच्याच महिलांनी जाताना पॅसिफिक आणि येताना अटलांटिक असं करून पृथ्वीला फेरी घातली होती.

सैबेरियावरून जाणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. युक्रेन युद्धानंतर अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीयांना खुलं. त्याची दुसरी बाजू जून २०२३ मध्ये दिसली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे मगदानला उतरवावं लागलं. २१६ प्रवासी, रशियाच्या पार पूर्व टोकाचं गाव, कुणाला भाषा येत नाही, राहायला पुरेशी हॉटेलं नाहीत. दुसरं विमान भारतातून जाईपर्यंत ते तिथेच. खाली नजर टाकली तर मगदान सोडाच, एक दिवासुद्धा दिसत नव्हता.

सोमवार

उगवलाच नाही.

हे मला आधी कळलं नव्हतं, कझाकस्तानच्या जवळ कुठेतरी लक्षात आलं. आम्ही रात्री नऊला निघालो. पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य ज्या बाजूला गेला त्याच बाजूला चाललो होतो. पृथ्वी आम्हाला सकाळकडे नेत होती आणि विमान तितक्याच नेटाने मागे खेचत होतं. घड्याळात सतरा तास गेले, पण खालच्या जमिनीवरची वेळ रात्री नवावरून पहाटे पावणेचारवर एवढीच सरकली. अलास्कावर मध्यरात्र, सैबेरियावर पुन्हा रात्रीचे साडेदहा-अकरा, कझाकस्तानवर परत तेच. जेवण दोनदा आलं, चहा दोनदा आला, एक सिनेमा दोनदा पाहून झाला, आणि खिडकीबाहेर तोच काळोख. कॅलिफोर्नियातला रविवारचा सूर्यास्त ते मुंबईतला मंगळवारचा सूर्योदय, मोजलं तर तेवीस तासांच्या वर रात्र.

आई विमानात चढल्यापासून जेवली नव्हती. तारीखरेषा ओलांडताना मी तिला सांगितलं होतं की सोमवार लागला, तेव्हापासून तिचा उपवास. केळं आणि दूध. आता हवाई सुंदरी गरम पोळी-भाजी घेऊन उभी.

"संध्याकाळ झाली का?" आईने मला विचारलं. दिवा लावायची वेळ झाल्याशिवाय ती जेवत नाही.

"आई, संध्याकाळ व्हायला आधी सकाळ व्हावी लागते. ती झालीच नाही."

"मग सोमवार कसा?"

"तारखेने सोमवार."

"तारीख तुमची. तूच म्हणालीस ना जाताना, ती रेघ माणसांनी काढली म्हणून?"

मी म्हणाले नव्हते, तिनेच तेव्हा वार सूर्यावरून धरला होता. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उपाशी आईशी हा वाद घालण्यात शहाणपण नव्हतं. तिने थाळी पुढ्यात घेतली, साखरेची गोळी घेतली आणि पोळीचा तुकडा मोडला. पुढे उझबेकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत कराचीच्या बाजूने आम्ही समुद्रावर आलो.

तो शेवटचा तुकडा आता बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि त्या वर्षी मुंबई–सॅन फ्रान्सिस्को विमान इंधन भरायला कोलकात्याला थांबून जायला लागलं. दोन शहरं जागची हलली नाहीत, सरळ अंतर साडेतेरा हजारच आहे. प्रवास मात्र काही तासांनी वाढला.

मंगळवार

पावणेचारला चाकं टेकली. बाहेर आल्याबरोबर मुंबईची दमट हवा आणि टॅक्सीवाल्यांचा आरडाओरडा. आईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. महिनाभर त्याला हात लावला नव्हता, फक्त किल्ली देत होती. ते भारताच्या वेळेवर बरोबर चाललं होतं, चार मिनिटं पुढे.

गाडीत बसल्यावर तिने मामीला फोन लावला. पहाटे साडेचार वाजता, पण महिनाभराच्या सवयीने तिला कुणाला कधीही फोन करायचा संकोच राहिला नव्हता. सोमवारची सगळी हकिगत सांगितली. मामीकडून काहीतरी शास्त्रार्थ झाला असावा, कारण आई जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, "नाही, मोडला नाही. मोडायला आधी लागायला पाहिजे ना तो. बरं, ते जाऊ दे, शिवरात्रीला वरी आणून ठेवलीस का? मी येते शुक्रवारी."